उकिडव्यांच्या दाढीतलं औषध

कोपरखैरण्याच्या ‘नीलमोहर’ सोसायटीत नंदकिशोर उकिडव्यांना लहानथोर सगळे डॉक्टर म्हणतात. ते डॉक्टर नाहीत. नाडी बघणारे तर नाहीतच, पण पीएचडीवालेही नाहीत. ती पदवी तरुणपणी अर्ध्यावर सुटली. गाईडने ह्यांना सोडलं की ह्यांनी गाईडला, याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही त्यांच्या पत्नीची, विजयमालाबाईंचीच आहेत. घरात पाहुणे असले की एक वापरतात, नसले की दुसरं.

पदवी गेली, पण पदवी मिळणार म्हणून आगाऊ वाढवलेली दाढी राहिली. पुढे ती शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत पोचली, पिकली, आणि तिच्याच जोरावर माणूस डॉक्टर झाला. लिफ्टमध्ये कोणी भेटलं की ठरलेलं बोलणं:

“डॉक्टर, गुडघ्यावर काहीतरी द्या ना. तुमी तर औषधं बनवता.”

उकिडवे दाढीवरून सावकाश हात फिरवत म्हणायचे, “सध्या एका वेगळ्याच रेणूवर काम चालू आहे.” समोरचा दबून जायचा. गुडघा दुखतच राहायचा.

उत्तर तसं खरं होतं. गेली तीसेक वर्षं खरं होतं. महाप्याच्या एमआयडीसीत ‘सप्तपर्णी लाइफसायन्सेस’ नावाची कंपनी आहे, तिथे उकिडवे रोज नवे रेणू बनवत. इतकी वर्षं बनवूनही त्यातला एकसुद्धा केमिस्टच्या दुकानापर्यंत पोचला नव्हता. खोकल्याच्या गोळीपर्यंतसुद्धा मजल गेली नव्हती. यात उकिडव्यांची चूक नाही. हा धंदाच तसा आहे.

परदेशातली बडी कंपनी एक चित्र पाठवते. षटकोनी कडी, त्यांना लटकलेल्या शेपट्या. असा रेणू बनवून द्या म्हणते. महाप्यातली माणसं तो उकळतात, गाळतात, वाळवतात आणि बाटलीत भरून पाठवतात. तिकडे तो पेशींवर टाकून बघतात. उत्तर येतं, जमलं नाही, ह्या कोपऱ्यावर एक फ्लोरिन लावून द्या. लावून दिला की, आता ती शेपटी जरा आखूड करा. एखाद्या हौशी बाईने शिंप्याकडून तोच ब्लाऊज पुन्हा पुन्हा उसवून घ्यावा, बाही अर्धं बोट कमी, गळा जरा वर, तसा प्रकार. वर लग्न कुणाचं आहे ते शिंप्याला सांगायचं नाही. औषध कुठल्या रोगावर आहे हेही महाप्याला कळत नसे. ते गुपित. शेकडो ब्लाऊज उसवले तर एखादा बसतो, आणि बसलेलाही पुढे उंदरांच्या, मग माणसांच्या चाचण्यांत बहुधा फाटतो. जगातली बहुतेक औषधं अशीच, कुणाच्यातरी उसवण्यातून आली आहेत. उसवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

आणि उकिडव्यांना नेमकं नाव हवं होतं. नवा रेणू कामाचा निघाला की त्याचं पेटंट घेतात आणि त्यावर शोधकर्त्यांची नावं छापतात. निवृत्त होण्याआधी एका पेटंटवर ‘नंदकिशोर उकिडवे’ छापलेलं बघायचं, एवढी एकच इच्छा. पगारवाढ, परदेशवारी, सगळ्यावर त्यांनी पाणी सोडलं होतं, पण हे सुटत नव्हतं. त्याला कारण साडू. साडूंनी नेरुळच्या बागेला एक बाक दिलं होतं आणि त्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं.

“भाऊजींचं नाव निदान बाकावर तरी आहे,” विजयमालाबाई म्हणायच्या. “लोक टेकतात.”

अशात चारशे सतरा आला.

चारशे सतरा म्हणजे त्या मालिकेतला चारशे सतरावा रेणू. त्याची गंमत अशी की तो परदेशी कंपनीच्या चित्रांत नव्हता. तो सुचला शायमा मुकादमला. ही उरणकडची मुलगी, पीएचडी, उकिडव्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करायची. एका मीटिंगमध्ये ती म्हणाली, “कड्यातला नायट्रोजन एक घर सरकवून बघूया का? यकृतात रेणू तुटतोय तो तिथेच तुटतोय.” व्हाइस प्रेसिडेंट डॉ. रावसाहेब सरनोबत म्हणाले, काही होणार नाही. पुढच्या मीटिंगमध्ये सरनोबतांनीच सांगितलं की मला असं सुचलंय, नायट्रोजन एक घर सरकवून बघूया. शायमाने मान खाली घालून रेणू बनवला. तो पेशींवर चालला, उंदरांवर चालला. यकृताने त्याला हात लावला नाही. परदेशातून अभिनंदनाचे ईमेल आले, सरनोबतांना.

एकच अडचण होती. चारशे सतरा गोठत नव्हता. औषधाचा रेणू कसा, पांढऱ्या शुभ्र स्फटिकांच्या पुडीत हवा. स्फटिक होताना रेणू ओळीत शिस्तीने बसतात आणि घाण ओळीबाहेर राहते. मग तो शुद्ध होतो, मोजता येतो, टिकतो, त्याची गोळी होते. हा पठ्ठ्या काकवीसारखा फ्लास्कच्या तळाला चिकटून बसायचा. बर्फात ठेवला, वेगवेगळ्या द्रावकांत घोळवला, नुसता वाट बघत ठेवला. काकवी ती काकवीच.

एका दुपारी डबा खाऊन आल्यावर उकिडव्यांनी तो फ्लास्क हातात घेतला. काचेच्या कांडीने आतली भिंत खरवडायची ही जुनी युक्ती. ओरखड्यावर कधीकधी पहिला खडा धरतो. विषारी वाफा ओढून घेणाऱ्या धुराड्याखालच्या कपाटात डोकं घालू नये अशी पाटी समोरच लावलेली होती. उकिडव्यांनी डोकं घातलं. एका हाताने कांडी आणि दुसऱ्याने दाढी असं चालू असताना काकवीत एक पांढरा ठिपका उमटला. त्याला पिसं फुटली, पिसांना पिसं फुटली, आणि बघताबघता सगळा फ्लास्क आळलेल्या साबणासारखा पांढरा झाला.

ती पूड त्यांनीच वाळवली, बशीतून खरवडून काढली, फुंकर मारून कडेची गोळा केली. दुसऱ्यांदा शायमाने बनवला तर पुन्हा काकवी. उकिडवे येऊन वाकले, दाढी कुरवाळली आणि खडे पडले. तिसऱ्यांदाही तेच. मग सगळ्या लॅबने मान्य केलं की उकिडव्यांना हातगुण आहे.

झालं. उकिडव्यांचे पाय जमिनीला लागेनात. फ्लास्कजवळ जाण्याआधी ते एसी बंद करायला लावत. कोणी बोलायचं नाही. आधी चहा, आल्याचा. पोरं गमतीने वाकून नमस्कार करायची आणि हे तो गंभीरपणे घ्यायचे.

“सर, तुम्ही नक्की काय करता?” शायमाने एकदा विचारलं.

“ते सांगून येत नाही. आतून यावं लागतं.”

“म्हणजे मी लिहू काय? कृती लिहायची आहे.”

“लिही, अनुभवाने.”

सरनोबत हे अमेरिकेत शिकून आलेले. आपल्याकडे सगळं डेटावर चालतं, हे वाक्य ते दर पाहुण्याला ऐकवत. हातगुण वगैरे अंधश्रद्धा आहे असं त्यांनी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं आणि मीटिंग संपल्यावर उकिडव्यांना बाजूला घेऊन विचारलं, पुढची बॅच कधी घेऊया, तुम्हाला कुठला वार बरा पडतो? गुरुवार ठरला.

रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल की एकदा खडे पडले की चिमूटभर जपून ठेवायचे. पुढच्या वेळी ते द्रावणात टाकले की त्यांना धरून बाकीचे बसतात. दही लावणारं कुठलंही घर चमचाभर विरजण मागे ठेवतं, तसंच हे. शायमाने सांगून बघितलं, “सर, थोडं ठेवूया आपल्याकडे.” पण परदेशी कंपनीला चाचण्यांसाठी कण न् कण हवा होता. सरनोबत म्हणाले, “सगळं पाठवा. आपल्याकडे उकिडवे आहेत ना.” बाटल्या धुऊन पुसून कोरड्या झाल्या. एका माणसाच्या हातावर एवढा विश्वास आपल्याकडेच बसू शकतो.

मग पेटंटची बातमी फुटली. यादीत परदेशी कंपनीची चार नावं होती आणि इकडून एकच, डॉ. रावसाहेब सरनोबत. उकिडवे तडक केबिनमध्ये गेले.

“सर, माझं नाव नाही.”

“बसा, उकिडवे.”

“बसत नाही. खडे कुणी पाडले?”

सरनोबतांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. “असं करू. तळोजाच्या प्लँटमध्ये मोठी बॅच घ्यायची आहे. कंपनीचे पाहुणे बघायला येतायत. तिथे तुमच्या हाताने पडले खडे, की मी स्वतः तुमच्या नावाचं बोलतो.”

उकिडवे घरी आले ते शोधकर्ते होऊनच. विजयमालाबाईंना म्हणाले, “भाऊजींना सांगून ठेव, बाक लाकडाचं असतं.”

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी सकाळी कंपनीच्या गाडीतून सरनोबत, शायमा आणि मध्ये उकिडवे असे तळोजाला निघाले. प्लँटच्या दारात सेफ्टीचा कान्हा भोईर उभा होता. शेजारच्याच गावचा, बापजाद्यांच्या शेतावर प्लँट उभा राहिला म्हणून नोकरीला लागलेला. त्याने उकिडव्यांकडे बघितलं, म्हणजे दाढीकडे.

“सायेब, दाढी नाय चालनार.”

“कशाला नाही चालणार? मी स्फटिक पाडायला आलोय.”

“पाडा ना. पन आत पूर्न तोंडाचा मास्क लागतो. दाढी हाय तर तो बसत नाय, वास आत येतो. मंग तुमीच पडाल, खडं बाजूलाच.”

“अहो, मी तीस वर्षं या धंद्यात आहे.”

“माजा सासरा आला ना सायेब, तरी दाढी घेऊन आत जानार नाय. आन त्याला मी घाबरतो.”

उकिडव्यांनी सरनोबतांकडे बघितलं. सरनोबत घड्याळाकडे बघत होते. एका तागडीत दाढी, दुसरीत पेटंट. गेटाबाहेर रस्त्यापलीकडे एक सलून होतं, तिथे उकिडवे एकटेच गेले.

सलूनवाल्याने आधी कात्री चालवली, मग वस्तरा. केस मांडीवरच्या कपड्यावर पडत गेले आणि आरशात एक अनोळखी इसम उगवला. तीस वर्षांच्या सोबतीचा झुपका केराच्या डब्यात जाताना उकिडव्यांना बघवेना. त्यांनी तो रुमालात बांधला, अस्थी बांधाव्यात तसा, आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. बाहेर येऊन घरी व्हिडिओ कॉल लावला. बायकोला आधी कळलेलं बरं.

विजयमालाबाईंनी बराच वेळ बघितलं. “अहो, तुम्हाला हनुवटीच नाही,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग अंगभर पांढरा सूट, तोंडावर मास्क, हातात मोजे घालून उकिडवे त्या मोठ्या भांड्यापुढे उभे राहिले. आत काकवी ढवळली जात होती. त्यांनी डोळे मिटले, उघडले. काचेच्या खिडकीला हात टेकवला. आवाज बंद करायला लावला. हात सवयीने हनुवटीकडे गेला आणि रबरावरून घसरला. थंड करून झालं, पुन्हा गरम करून थंड करून झालं. जेवणाची वेळ टळून गेली. भांड्यात काकवी, काकवी आणि काकवी.

“काय झालं हाताला आज?” सरनोबत मास्कमधून ओरडले.

“गुरुवार नाही,” उकिडवे म्हणाले. ते स्वतःलासुद्धा पटलं नाही.

कँटीनमध्ये उकिडवे समोरच्या पोळीकडे बघत बसले होते. नाव गेलं, दाढी गेली आणि हनुवटी तर आधीपासूनच नव्हती. शायमा समोर येऊन बसली.

“सर, चिमूटभर जरी खडे ठेवले असते ना, तर आता काम झालं असतं.”

उकिडव्यांनी हात हनुवटीवर नेला आणि खाली घेतला. तो हात कुरवाळायला जातो आणि रिकामा परत येतो, हे शायमा बघत राहिली. बघताबघता तिचा घास हातातच राहिला.

“सर, तुम्ही पूड खरवडताना, फुंकर मारताना दाढी कुठे असायची?”

“माझ्या तोंडावर. कुठे असणार?”

“आणि मग पुढच्या फ्लास्कमध्ये वाकून ती कुरवाळायचात.”

उकिडव्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा कानशिलं तापली. तीस वर्षांचा अनुभव, आतून येणारं ते, आल्याचा चहा, गुरुवार. आणि निघालं काय, तर कोंड्यासारखी दाढीतून झडलेली धूळ. पहिला खडा योगायोगाने पडला आणि त्याची पूड दाढीत साठली. पुढचं सगळं दाढीने केलं.

“सर,” शायमा हळूच म्हणाली, “ती दाढी कुठंय आता?”

उकिडव्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. ते खिसा चाचपून म्हणाले, “सरनोबतांना बोलाव.”

सरनोबत धावत आले. शायमाने दोन वाक्यांत सांगितलं. माणूस हुशार, लगेच हात पुढे केला.

“उकिडवे, रुमाल द्या.”

“माझा खाजगी रुमाल आहे तो.”

“उद्या पाहुणे येतायत.”

“यादीत नाव घाला. लगेच देतो.”

“कशाबद्दल? दाढी ठेवल्याबद्दल? पेटंटवर ज्याची कल्पना त्याचं नाव असतं, असा कायदा आहे.”

“असं? मग तुमचं कसं आहे?” उकिडवे उभे राहिले. “नायट्रोजन सरकवायची कल्पना हिची होती. काही होणार नाही म्हणालात तुम्ही, पुऱ्या मीटिंगने ऐकलंय. माझं नाव नाही तर मी हे पेटंटचं काम बघणाऱ्या त्या परदेशी वकीलबाईंना कळवतो, आणि दाढी वाशीच्या खाडीत सोडतो.”

शायमा टेबलाकडे बघत राहिली. कान्हा भोईर कोपऱ्यात भजी खात होता, त्याने ती खायची थांबवली. सरनोबतांनी विचार केला, आणि वकीलबाईंना स्वतःच फोन लावलेला बरा असं ठरवलं. स्पीकर लावला, कारण उकिडवे लावल्याशिवाय बसत नव्हते.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, रेणूची कल्पना पहिल्यांदा कुणी मांडली? सरनोबत म्हणाले, टीमने. उकिडवे मध्येच म्हणाले, “मुकादम. शायमा मुकादम.” बाई म्हणाल्या, खऱ्या शोधकर्त्याला वगळलं तर पुढे कोर्टात पेटंटच रद्द होऊ शकतं, त्यांचं नाव घालायलाच हवं. साहेबांचंही राहू दे, कारण शोधात आपलाही वाटा आहे असं त्यांनी सही करून दिलंय. साहेबांनी सुस्कारा सोडला.

“आणि मी?” उकिडव्यांनी विचारलं. “दाढी माझी आहे.”

बाईंनी फार सभ्य इंग्रजीत सांगितलं की डोक्यातून निघालं तर तो शोध असतो, हनुवटीतून पडलं तर अपघात. अपघाताचं नाव छापत नाहीत. त्यांना मनापासून वाईट वाटतंय.

म्हणजे नाव मागायला गेले उकिडवे आणि मिळालं शायमाला, आणि तेही यांच्याच तोंडून. उकिडव्यांनी रुमाल घट्ट धरला. नेला असता घरी. पण मग उद्या पाहुण्यांनी काकवी बघितली असती आणि चारशे सतरा बाकीच्या शेकड्यांच्या मागून केराच्या डब्यात गेला असता. मग पेटंट नाही, भाऊजींना सांगायला काही नाही, नुसती हनुवटी.

“द्या, सर,” शायमा म्हणाली.

“देतो. पण झटकणार मी.”

त्यांनी प्लँटच्याच लॅबमध्ये, भांड्यातली काकवी घेतलेल्या एका छोट्या फ्लास्कवर रुमाल सोडला आणि तीस वर्षांची दाढी दोन बोटांनी धरून झटकली. केस पडले, कोंडा पडला, आणि सकाळच्या पोह्याचा एक दाणाही पडला. आणि काकवीत पांढरा ठिपका उमटला. त्याला पिसं फुटली. शायमाने ते खडे गाळले, धुतले, त्यावर दुसरे घेतले, त्यावर तिसरे, केसाचा मागमूस राहीना इतकं स्वच्छ केलं. मग त्यातले चिमूटभर मोठ्या भांड्यात गेले आणि भांडं पांढरं झालं. क्वालिटीवाल्यांनी दाढी कुठल्या रकान्यात लिहायची यावर वाद घातला आणि शेवटी लिहिलं: पूर्वीच्या बॅचमधले स्फटिक वापरले. ते खोटंही नव्हतं.

पाहुणे खूष होऊन गेले. चारशे सतरा आता माणसांवरच्या पहिल्या चाचणीत आहे. त्याचं औषध होईल की नाही हे कुणालाच माहीत नाही; बहुधा होणार नाही, बहुतेकांचं होत नाही. पण पेटंट छापून आलं आणि त्यावर इकडची दोन नावं आहेत. लिफ्टमध्ये उकिडवे सांगतात, मी नाव त्यागलं, पुढच्या पिढीसाठी. सोसायटी हे मानते. विजयमालाबाई लिफ्टमध्ये असल्या तर मजल्यांचे आकडे बघतात.

दाढी त्यांनी पुन्हा वाढवली, कारण हनुवटीशिवाय डॉक्टरकी चालेना. पण महाप्याच्या लॅबमध्ये नवा नियम आला. दाढीवाल्याने दाढीला कापडी जाळी बांधल्याशिवाय फ्लास्कपाशी यायचं नाही. नियमाच्या कागदावर त्या जाळीला लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते कुणी वापरत नाही. पोरं तिला ‘उकिडवे’ म्हणतात. तळोजातही तेच रुजलं आहे. तिथे दाढीवर मास्क आजही बसत नाही, पण बाहेरच्या पॅकिंगच्या खोलीत जाळी चालते. पावडर भरण्याचं काम बघायला परवा उकिडवे तळोजाला गेले, तेव्हा कान्हा भोईरने दारातच हात आडवा घातला आणि खोक्यातून एक जाळी काढून पुढे केली.

“सायेब, आधी उकिडवे लावा. मंग पॅकिंगला जा.”

नंदकिशोर उकिडव्यांनी उकिडवे लावलं आणि आत गेले.